कावळे हाकायच्या ट्रकला लोखंडी गिअर

लोखंडी गिअरचं ठरलं तेव्हा पडवीवर आम्ही चौघं होतो. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, खुर्चीत. मी त्यांच्या पायाशी जवळा निवडत. सून उंबऱ्यावर, नि तिचा भाऊ खाली ट्रक उलटा करून बसलेला. आणखी कोणी नव्हतं. जे ठरलं ते आमच्यातच ठरलं, नि ठरवलं मी.

ट्रक म्हणजे रिमोटवर चालतो तो. कोंबडीएवढा, पण चाकं मोठी. माझ्या मुलाने मस्कतहून आणलेला. नोकरी तिकडेच, सुट्टीवर आला की संध्याकाळचा वर कातळावर नेऊन पळवायचा. लग्न झालेला बाप्या खेळण्यांशी खेळतो म्हणून वाडीतले हसायचे. तो परत गेला की ट्रक माळ्यावर.

मग यांना झटका आला. उजवी बाजू गेली. सगळा जन्म होडीवर काढलेला माणूस, त्याला सकाळी उचलून खुर्चीत ठेवायचा नि रात्री उचलून खाटेवर. बोलणं राहिलं, पण एकेका शब्दाला वेळ लागायचा. समोरचा तोवर दुसऱ्याच गोष्टीवर गेलेला असायचा. मीसुद्धा.

मी सुकी मासळी करते. जेटीवरून जवळा, मांदेली आणायची, घरापुढच्या खळ्यात जुनं जाळं पसरून त्यावर वाळत घालायची. घालणं सोपं, राखण कठीण. कावळे, कुत्री, मांजरं. इकडे यांना पाणी द्यायला वळलं की तिकडे कावळ्यांनी पाट मांडलेलाच.

डॉक्टरने सांगितलेलं, उजव्या हाताची बोटं हलती ठेवा. त्या हाताचा अंगठा थोडा परत आलेला. दाबायचा, पण दाबलेला उचलायला त्याला वेळ लागायचा. सुनेने माळ्यावरचा ट्रक काढला नि रिमोट यांच्या मांडीवर ठेवला. त्याला दोन कांड्या. उजवी पुढे दाबली की ट्रक पळतो, डावीने वळतो. पहिल्या दिवशी ट्रक दोनदा तुळशीला आपटला. तिसऱ्यांदा नीट जाळ्याकडे गेला नि पाच-सहा कावळे एकदम उडून माडावर बसले. हे अर्ध्या तोंडाने हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

मग ते रोजचंच झालं. उठल्यावर पहिला प्रश्न, बॅटरी चार्ज केलीस काय. दुपारी जेवायलासुद्धा खुर्ची आत घेऊ द्यायचे नाहीत. शेजारीण मधल्या दगडी गडग्यावरून बघायची. एकदा मला म्हणाली, "वयनी, तुझ्या घोवाला नोकरी लागली गो."

ह्यांनी वेळ घेतला, पण उत्तर दिलं. "पगारी. जेवणखाण धरून."

दिवाळी झाली नि एके सकाळी ट्रक नुसता घुं घुं करायला लागला. मोटर फिरते, चाकं जागेवर. सुनेचा भाऊ रत्नागिरीत गॅरेजवर कामाला. त्याने खोलून दाखवलं. आत पांढरं प्लास्टिकचं दातांचं चाक, त्याला ते गिअर म्हणतात. त्याचे एका बाजूचे दात सपाट. इकडे कुठे मिळत नाही, मोबाइलवरून मागवायला लागेल म्हणाला. आठ दिवस गेले.

ते आठ दिवस मी विसरत नाही. यांनी खुर्चीत बसायला नको म्हटलं. खाटेवरच, भिंतीकडे तोंड करून. पेज दिली तर दोन घोट. अंगठा परत आखडला. मी हाक मारली तर हो म्हणायचे, पण वळायचे नाहीत. आठव्या दिवशी मला वाटलं, आता हा माणूस राहत नाही.

तर सुनेचा भाऊ आला तो दोन पुड्या घेऊन. एकीत तसाच प्लास्टिकचा, दुसरीत लोखंडी. मोडलेल्याच्या जागी दोन्ही बसतात, तुम्हीच ठरवा म्हणाला. आम्ही यांना उचलून पडवीवर आणलं. त्यांनी दोन्ही गिअर डाव्या हातात घेऊन पाहिले. लोखंडी चांगला जड होता.

"प्लास्टिकचा लाव," हे म्हणाले.

सुनेचा भाऊ हसला. "काका, परत दोन महिन्यांनी मला बोलवायचंय वाटतं. बहिणीच्या हातची कढी खायला मी असाही येतो."

सून म्हणाली, "कढी कसली, ताकसुद्धा मिळायचं नाही."

हे थांबले. आमचं बोलणं संपायची वाट बघत होते. मग एकेक शब्द करून म्हणाले, "होडीच्या पंख्याला पिन असते. मऊ धातूची. पंखा पाण्यातल्या खडपाला लागला की पिन तुटते. इंजिन वाचतं. काहीतरी मोडायला हवं."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी ऐकलं. खोटं बोलतात असंही वाटलं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर ते आठ दिवस. प्लास्टिक म्हणजे मला काय, उन्हात चिरलेली बादली, पाय मोडलेली खुर्ची, कान तुटलेला टोप. माझ्या सासूचा लोखंडी तवा अजून चुलीवर आहे. मी म्हटलं, तुमचं होडीचं होडीला, हे खेळणं आहे. परत मोडलं तर परत आठ दिवस, ते मला बघायचे नाहीत. नि सुनेच्या भावाला सांगितलं, "लोखंडी लाव."

आमचे हे रिमोट मांडीवर घेऊन बसले. झटक्यानंतर घरात सगळं असंच ठरत होतं, त्यांच्या डोक्यावरून.

लोखंडी गिअर चालला. ट्रक पूर्वीपेक्षा मोठा आवाज करायचा, ह्यांना तो आवडायचा नाही, पण कावळे जास्त घाबरायचे. हे परत जेवायला लागले. अंगठा सुटला. शिमगा जवळ आला तोवर रोज मी मनात म्हणायची, बरं झालं माझंच खरं केलं ते.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, एक मोठा पिवळा कुत्रा खळ्यात शिरला. मी मागे भांडी घासत होते. यांनी ट्रक त्याच्या अंगावर सोडला. कुत्रा गडग्यावरून उडी मारून गेला, ट्रक त्याच्यामागे जाऊन गडग्याच्या दोन चिऱ्यांत घुसला नि अडकला. चाकं रुतलेली, मोटर ओढते आहे. ह्यांचा अंगठा कांडी दाबून बसलेला, नि तो उठत नव्हता. डाव्या हाताने उचलायला गेले तर रिमोट मांडीवरून घसरून पोटाशी अडकला.

प्लास्टिकचा असता तर दात गेले असते नि ट्रक घुं घुं करत राहिला असता. लोखंडी सुटला नाही. मी वास आला म्हणून धावले. ट्रकमधून काळा धूर, मग जाळ. जाळ्याचं टोक पेटलं, नायलॉन वितळून जवळ्यावर गळत होतं. आधी यांचा अंगठा मी दोन्ही हातांनी धरून उचलला. मग घासायच्या पाण्याची बादली नेऊन ओतली.

सुनेचा भाऊ संध्याकाळी आला. ट्रक खोलला, गिअर फडक्याने पुसून पडवीवर ठेवला. म्हणाला, "मावशी, ह्याला काही झालेलं नाही. नव्यासारखा आहे. मोटर जळाली, सर्किट जळालं, खालची पेटी वितळली. आता काही करता यायचं नाही."

हे खुर्चीत तिथेच होते. त्यांना सगळं कळलं असणार. होडीचं इंजिन डोळे मिटून खोलणारा माणूस तो. मला वाटलं आता बोलतील, मी सांगितलं होतं म्हणून. मी तयार होऊन बसलेली.

ते म्हणाले, "माझा अंगठा उठला नाही."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, अंगठ्याचा दोष नाही, लोखंडी मी लावायला लावला. तोंडापर्यंत आलं. पण सून, तिचा भाऊ समोर, नि मी जवळ्यातले जळके तुकडे वेचत बसले. उद्या सांगेन म्हटलं.

मुलाने महिन्याभरात दुसरा ट्रक पाठवला, याच्यापेक्षा चांगला. सुनेने तो मांडीवर ठेवला. यांनी डाव्या हाताने बाजूला सारला. "परत पेटवीन," म्हणाले. नंतर खाटेवरून उठायचं नाव नाही. भिंतीकडे तोंड. या वेळी आठ दिवसांनी कोणी पुडी घेऊन येणार नव्हतं. अंगठा आखडला तो आखडलाच. श्रावणात दुसरा झटका आला नि गेले. डॉक्टर म्हणाला, तो यायचाच होता. असेल. पण ते महिने त्यांनी आपल्या हाताला दोष देत काढले, नि मी रोज उद्या सांगेन म्हणत काढले.

राखण आता परत मीच करते.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात कोणी असं बसलेलं असेल नि त्याच्या वापरातल्या वस्तूचं काही ठरवायचं असेल, तर त्याला विचारा. त्याला बोलायला वेळ लागला तर थांबा. नि तो सांगेल तेच आणा.