पाटीचे पैसे

सुहास गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत सोसायटीचं पासबुक भरून घ्यायला रांगेत उभा होतो. फोन आमच्या वॉचमनचा. "परबसाब, नार्वेकर अंकल गुजर गये… सोफे पे बैठे बैठे." ज्याच्याशी चाळीस वर्षांची मैत्री, तो गेला म्हटल्यावर माणसाला त्याचा चेहरा आठवावा, निदान शेवटची भेट तरी. मला आठवलं त्याचं बिल. त्याच्या वळणदार अक्षरातलं, अठ्ठावीस हजारांचं, माझ्या फाइलीत अकरा महिने पडून असलेलं. रांग पुढे सरकली, मागच्या माणसाने मला ढोसलं आणि मी चक्क पुढे होऊन पासबुक खिडकीत सरकवलं. मशीनचा खरखराट संपेपर्यंत थांबलो, नोंदी नीट उमटल्यात का पाहिलं आणि मगच घरी निघालो. असा मी माणूस आहे. याला आता दीड महिना होऊन गेला. सुहासबद्दल पेपरात लिही, असं बरेच जण म्हणाले, तेव्हा मी टाळलं, कारण लिहायला बसलो की हे बिल आधी लिहावं लागणार हे मला ठाऊक होतं.

आम्ही दोघं एकाच वर्षी मुंबईतून भाईंदर पश्चिमेला राहायला आलो. एकाच इमारतीत, तो दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. तेव्हा रिक्षावाले आमच्या राई-मुर्ध्याकडे यायला कुरकुर करायचे आणि आम्ही दोघं पिशव्या सांभाळत बडबडत चालत यायचो. मी सरकारी नोकरीत, टेबलावर फाइलींचा ढीग; तो गोरेगावच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये. मी कागद बघून सांगायचो काय चुकलंय, तो आवाज ऐकून. आमच्या घरातला मिक्सर, पंखा, गिझर, सगळ्यांचे आजार त्यानेच काढले. कारखाना बंद पडला तेव्हा हातात पडलेल्या पैशांतून त्याने वहिनींना न विचारता एक स्क्रोल सॉ घेतला. म्हणजे शिवणयंत्रासारखं वरखाली चालणारं, दोऱ्याइतक्या बारीक पात्याचं करवतीचं मशीन. लाकडातून अक्षरं, वेलबुट्टी, जाळी, काय हवं ते कापून काढतं. ते त्याने गॅलरीत बसवलं, खाली रबराची जाड चटई घातली आणि वैशालीवहिनींनी पंधरा दिवस त्याच्याशी अबोला धरला.

अबोला सुटला तो ऑर्डरी यायला लागल्यावर. दारावरच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, मुलांच्या बारशाला द्यायची नावं. उत्तनच्या एका बोटवाल्या मावशींनी नव्या घरासाठी येशूच्या जन्माचा देखावा करून घेतला होता. त्या रविवारी चर्चमधून परस्पर आल्या, देखावा न्याहाळला, कनवटीचे पैसे काढून टेबलावर ठेवले. "काम बेस हाय. मोजून घ्या. उधारी आमच्यात न्हाय." वर सुक्या बोंबलांची पुडी. सुहास मला म्हणाला, "बघ दिग्या, हातात पैसे पडले की लाकडाचाही वास चांगला येतो." मी हसलो. मीही कधीतरी त्याच्यापुढे गिऱ्हाईक म्हणून उभा राहीन आणि कसा वागेन, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाला वेड्यात काढलं असतं.

आमच्या इमारतीला रंग दिला तेव्हा खालची सभासदांच्या नावांची पाटी नवीन करायचं ठरलं. बेचाळीस नावं, सागवानी अक्षरं. सगळे म्हणाले, नार्वेकरांनाच द्या. आणि इथे माझ्यातला सोसायटीचा प्रामाणिक सेक्रेटरी जागा झाला. सुहास माझा मित्र, हे साऱ्या बिल्डिंगला माहीत. उद्या कोणी म्हणायला नको की परबने मित्राची सोय लावली. म्हणून मी तीन कोटेशनं मागवली. मिरा रोडच्या दोन दुकानांची आणि तिसरं, दोन जिने उतरून, सुहासचं. त्याने ते मुकाट्याने लिहून दिलं. "सेक्रेटरी, परबसाहेब" अशी सुरुवात करून खाली "आपला विश्वासू" लिहिलं आणि माझ्या हातात देताना डोळा मारला. त्याचंच सगळ्यात कमी निघालं. मला फार बरं वाटलं. काम त्याला मिळालं म्हणून नव्हे, माझ्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही म्हणून.

निम्मी नावं कापून झाली आणि मशीन खडखडायला लागलं. दर पाच मिनिटांनी पातं तुटायचं. सुहासने डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाला, "पात्याचा दोष नाही. वरचा दांडा हलतोय." कंपनीत फोन केला, तर हा भाग आता येत नाही, नवीन मशीन घ्या म्हणाले. त्या दिवशी त्याने मला पहिल्यांदा आणि शेवटचं पैशाबद्दल विचारलं. "दिग्या, थोडा ॲडव्हान्स मिळेल का? लाकडात सगळे अडकलेत." मी म्हटलं, ॲडव्हान्सचा ठराव झालेला नाही रे, नियमात बसत नाही, पण माझ्याकडचे देतो, किती हवेत बोल. तो हळूच म्हणाला, "तुझे नकोत. कामाचे दे." मी पाकीट उघडून उभा होतो, ते मिटलं. मला राग आला होता, खरं सांगतो. आपण एवढ्या प्रेमाने देतोय आणि हा मोठा मानी… असं वाटलं. त्याला काय हवं होतं ते मला कळलं तो मेल्यावर.

मशीन त्याने स्वतःच दुरुस्त केलं. गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, स्टीलच्या ताटात एकेक स्क्रू काढलेल्या क्रमाने मांडला. मी बॅटरी धरून. "दिग्या, उजेड मशीनवर पाड, माझ्या नाकावर नको. का हाही नियमात बसत नाही?" दांड्याच्या सांध्यातली पितळी नळी झिजून एका बाजूने कागदासारखी पातळ झाली होती. ती रुमालात बांधून आम्ही भाईंदर पूर्वेला एका लेथवाल्याच्या गाळ्यात गेलो. तो पोरगेला कारागीर नळी फिरवून फिरवून बघत म्हणाला, "अंकल, ऐसा तो अब कोई रिपेअर नहीं करता. बैठो, बना देता हूँ." सुहास बसला नाही. त्याच्या खांद्याशी उभा राहून मापं बघत राहिला, एकदा "थोडा और, बस एक बाल" म्हणाला, आणि झाल्यावर त्या कारागिराच्या हातात लगेच पैसे ठेवले. खिशात होते तेवढेच असावेत, कारण परत येताना रिक्षाचे मी दिले. नळी बसवली, मशीन सुरू झालं आणि त्याने टेबलावर एक नाणं उभं करून दाखवलं. मशीन चालू आणि नाणं उभंच. एवढा आनंद त्याच्या तोंडावर मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पाटी पाडव्याला लागली. सुरेखच झाली होती. येणारे-जाणारे बोट फिरवून बघायचे. सुहासने बिल दिलं. अठ्ठावीस हजार कमिटीच्या अधिकारात बसत होते, आमचे खजिनदार शहाभाई म्हणालेही, "सही करून टाकू ने, काम तर झाला." पण खाली पाटीसमोर भरलेल्या बैठकीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाने काढलं की त्याच्या नावातलं अक्षर शेजाऱ्यापेक्षा बारीक दिसतं. बाकी सगळे हसले. मी मात्र गंभीरपणे म्हटलं, मित्राचं बिल आहे, माझ्या सहीने जायला नको, सर्वसाधारण सभेत ठेवू. सुहास त्या बैठकीत मागच्या खुर्चीवर होता. पाटीकडे बघत होता.

आणि आता ती गोष्ट. सभा दोनदा पुढे ढकलली गेली होती. एका सकाळी मी भाजीच्या गाडीपाशी उभा होतो, सोबत बिल्डिंगमधले दोघे जण. वैशालीवहिनी आल्या, कोथिंबीर निवडता निवडता सहज विचारलं, "भाऊजी, सोसायटीने यांचे पाटीचे पैसे दिले का हो?" त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. काम घेऊन पैसे न देणारी सोसायटी आणि तिचा नियमावर बोट ठेवणारा सेक्रेटरी… मला लाज वाटली, आणि मी म्हणालो, "हो तर. मागच्याच आठवड्यात चेक दिला." मनात होतं की सोमवारी शहाभाईंना गाठू, सही घेऊ, म्हणजे बोललेलं खरं होईल. सोमवारी शहाभाई राजकोटला गेले होते. ते आले तेव्हा मला ताप होता. मग ऑडिट लागलं. खोटं बोलायला मला एक सेकंद लागला होता, ते निस्तरायला मात्र मुहूर्त सापडेना.

चार-पाच दिवसांनी सुहास जिन्यात भेटला. "दिग्या, तू वैशालीला सांगितलंस, चेक दिला म्हणून?" मी म्हटलं, अरे चारचौघांत काय सांगणार, देतोच आहे या आठवड्यात. त्याने कठड्यावर बोटं वाजवली. "बरं," म्हणाला, आणि खाली उतरला. त्यानंतरही तो माझ्याशी तसाच वागला, तशीच टिंगल, तसाच अर्धा कप चहा. मीही विसरलो. नाही, विसरलो नाही. तो काही बोलत नाही म्हणजे चालतंय, असं धरून बसलो.

तो गेल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो आणि खाली बसताच मी बिल पुढे केलं. एकमताने, एका मिनिटात मंजूर. सर्वसाधारण सभेचं नावही कोणी काढलं नाही, मीही नाही. शहाभाईंनी तिथेच वहिनींच्या नावाने चेक लिहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "परबभाई, बिलाचा नाव कशाला काढता? सोसायटीकडून हेल्प आहे म्हणून सांगा. बाईला पण बरा वाटेल." दोन जिने उतरेपर्यंत मी तेच घोकत होतो. सोसायटीतर्फे मदत. छान वाटत होतं ऐकायला. कोणाला काही कळलं नसतं.

वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं. मी चेक पुढे केला. त्यांनी आकडा वाचला आणि कपाळाला आठी घातली. "अठ्ठावीस हजार… हे कसले?" त्या आकड्याने माझी सुटायची वाट बंद केली. मी म्हटलं, "पाटीचे." त्या म्हणाल्या, "ते तर केव्हाच दिलेत ना? तुम्हीच म्हणाला होतात." मी सांगितलं. भाजीची गाडी, ते दोघे, माझी लाज, सोमवार, सगळं. मान वर करून सांगू शकलो नाही. वहिनींनी चेक टेबलावर ठेवला. मग बोलल्या त्या माझ्याशी नव्हे, समोरच्या भिंतीशी बोलावं तशा.

"मी रोज विचारायचे, पैसे कुठे गेले. आधी म्हणाले, मिळाले नाहीत अजून. मी म्हटलं, मग दिगंबरभाऊजी खोटं बोलतात का? तर थांबले जरा. म्हणाले, नाही, दिग्या खोटं बोलत नाही. मशीनवर खर्च झाले माझ्याकडून. तुला सांगायची भीती वाटली." वहिनींनी पदर तोंडाला लावला. "किती बोलले हो मी त्यांना. चार महिने धड जेवायला वाढलं नाही. वसईला माझ्या दोन्ही भावांना सांगून आले की हा माणूस घरात पैसा टिकू देत नाही. भावांनी घरी बोलावून समज दिली त्यांना. खाली मान घालून ऐकून घेतलं… आणि तुम्ही तेव्हा वरच होतात, भाऊजी. दोन मजले वर."

मी माफी मागितली. ती त्यांनी दिली नाही आणि देऊ नये असंच मलाही वाटलं. चेक मात्र त्यांनी ठेवून घेतला. म्हणाल्या, "हे त्यांच्या कामाचे आहेत." मी दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली. गॅलरीत मशीनवरची चादर त्यांनी काढून टाकली होती, टेबल लखलखीत पुसलेलं. त्या मशीनवर एक हात ठेवून उभ्या होत्या. "माझ्या भावांना आता कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणतील, नवऱ्याची बाजू घेतेय, मेल्यावर सुचतंय."

त्यांच्या दोन्ही भावांकडे हा पेपर येतो आणि रविवारची पुरवणी ते वाचतात, हे मला माहीत आहे. प्रत्यक्ष जाऊन सांगायला मी परवा वसईला गेलो होतो. रिक्षातून उतरलो, त्यांच्या गल्लीपर्यंत गेलो आणि परत आलो. म्हणून हे सगळं लिहिलं. दोघा भाऊसाहेबांनो, सुहासने ते पैसे मशीनवर उडवले नव्हते. त्याला ते मिळालेच नव्हते. मी खोटं बोललो होतो.