बिनचष्म्याचा चष्मा

त्या वर्गातली मुलं आता पोराबाळांची झालीत, पण भेटली की विषय निघतो तो खाकरेबाईंचाच. हे काही बाईंचं आडनाव नव्हे. इंग्रजीतलं कुठलंही वाक्य बोलण्याआधी बाई चष्मा नाकावर वर सरकवत, घसा खाकरत आणि मगच तोंड उघडत. मराठीला असलं काही लागत नसे. मराठीत त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबवणं अवघड.

बाईंची नोकरी तेव्हा कच्ची होती. तपासणीचे साहेब वर्ग बघून जाणार आणि त्यावरच बाई कायम होणार की घरी बसणार, ते ठरणार. सासूबाईंनी सकाळीच ऐकवलं, "घरी बसलीस तर बस, पण माझ्याशी इंग्रजीत भांडू नकोस म्हणजे झालं."

साहेब आले. पुढच्या बाकावरच्या मुलीला म्हणाले, "वडील काय करतात ते इंग्रजीत सांग."

मुलगी उठली. नाकावर नसलेला चष्मा तिनं वर सरकवला, घसा खाकरला आणि वडील शिंपी असल्याचं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी दुसऱ्याला उठवलं. चष्मा, घसा, वाक्य. तिसऱ्या मुलीचंही तेच. बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. वर्षभर हे आपल्याला दिसलं कसं नाही?

"बाईंची नक्कल करता होय रे?" साहेब कडाडले.

शिंप्याची लेक बुचकळ्यात पडली. "नक्कल कुठे सर? ते केल्याशिवाय इंग्रजी येतच नाही."

"कोण म्हणतं?"

"करून बघा ना."

साहेबांचा चेहरा लाल झाला. बाईंनी मुलांना चार शब्द सुनावले असते तर त्या सहीसलामत सुटल्या असत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मुलांना बोलू नका साहेब. खोड माझी आहे. त्यांना वाटलं, तोही धड्यातलाच भाग."

"आणि तुम्ही ते शिकू दिलंत?"

"लक्षातच आलं नाही. पण वाक्यं चुकली का हो त्यांची?"

साहेबांनी जरा आठवून पाहिलं. "वाक्यं नाही चुकली."

"मग खाकरणं तेवढं पुढच्या वर्षी काढून टाकते," बाई भरात बोलून गेल्या आणि पुढच्या वर्षाचं अजून ठरायचंय हे आठवून त्यांनी जीभ चावली.

साहेब उठले. दाराशी जाईपर्यंत त्यांनी हसू कसंबसं दाबलं होतं.

"काढा, काढा. आधी कायम तर व्हा. तसा कागद पाठवतो."