माळवदावरची वाट

संतोषबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते मान वर करून. लग्न होऊन परतूरच्या मोंढ्यामागच्या गल्लीत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी चुलीपुढे भाकरी थापत होते. तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला, "कौसल्याबाई, चूल पेटली का? नवी सून दाखव की!" दचकून वर बघितलं. धूर जायला आणि उजेड यायला छतात चौकोनी भोक ठेवलेलं असे, त्याला साणं म्हणत. त्या साण्यात एक लांबलचक घुंगट आणि लाखेच्या बांगड्या भरलेला हात. माझी भाकरी परातीतच फाटली. सासूबाई डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "बघून घे. पन नजर लावू नको माझ्या सुनंला."

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. गल्लीतली सगळी घरं तेव्हा धाब्याची होती. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला, पाल्यावर जाड माती, आणि मृगाच्या आधी दर वर्षी वरून पांढऱ्या मातीचा थर. असल्या सपाट छताला माळवद म्हणत. घराला घर चिकटलेलं, म्हणून माळवदाला माळवद चिकटलेलं. एका टोकाला शिडीनं चढलं की जमिनीला पाय न लावता दुसऱ्या टोकाला जाता येई. कुरडया, मिरच्या, शेवया, भांडणं, सगळं वरच वाळायचं. वैशाखात भर दुपारी आत निजावं तर अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटे. हे मी आता सांगते तेव्हा माझ्या नाती खोटं समजतात. समजू देत.

संतोषबाई म्हणजे आमच्यापासून चौथ्या घरातल्या रामनिवास शेठची बायको. शेठची कापसाची आणि धान्याची आडत. या राजस्थानातल्या नागौरकडून लहानपणीच सून होऊन आल्या. त्यांच्या सासूचा नियम असा की घरच्या सुनेनं बाजाराच्या रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. टेशनला जायचं तर दाराशी पडदा लावलेला टांगा. माळवदावर फिरायला मात्र बंदी नव्हती, कारण दुपारी पुरुष माणसं दुकानात असत. पण कुणाच्या अंगणात उतरायचं नाही. तेव्हा बाईंनी काय केलं, तर सगळी गल्ली वरूनच पालथी घातली. कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाची सून रुसली, सगळं त्यांना साण्यातून कळायचं. आम्ही सगळ्याजणी त्यांना भाभी म्हणायचो.

माझ्या सासूबाई, कौसल्याबाई, शिंप्याच्या घरातल्या. त्यांचा डावा पाय लहानपणीच अधू झालेला. शिडी चढणं त्यांच्या नशिबी नव्हतं, आणि शेठच्या घरात जायचं तर पुढच्या दुकानात गादीवर बसलेल्या पुरुषांसमोरून जावं लागे, म्हणून तिकडेही त्या कधी गेल्या नाहीत. तरी या दोघींची मैत्री अशी की मला हेवा वाटायचा. एक वर, एक खाली. वरून गरम खिचिया पापड यायचा, खालून दोरीला बांधून शेंगदाण्याची चटणी जायची. संक्रांतीचं हळदीकुंकूसुद्धा दोरीनंच. आणि पावसाचा थेंब पडला रे पडला की भाभी धावत येऊन आमच्या साण्यावर पत्रा सरकवायच्या. ते काम त्यांचंच. सासूबाई आभाळ गडगडलं तरी जागच्या हलायच्या नाहीत. म्हणायच्या, "ती येती की."

पंच्याहत्तर साली शेठनी जुनं घर पाडलं. परमिटचं सिमेंट मिळालं होतं, लोखंड जालन्याहून आलं होतं. गल्लीतला पहिला स्लॅब! आम्ही सगळे बघायला गेलो, म्हणजे आमचे पुरुष गेले. इंजिनियरनं जोतं चांगलं उंच घेतलं, वर दुसरा मजला चढवला आणि गच्चीला माणसापेक्षा उंच कठडा बांधला. घरच्या बायका कुणाला दिसू नयेत म्हणून. भाभींनाही घर फार आवडलं होतं, ते मी नाकारत नाही. न्हाणीत नळ, खोलीखोलीत पंखा. "बटन दाबलं की हवा, बाई!" असं त्यांनी आमच्या साण्यातून सांगितलं होतं, कठडा पुरा व्हायच्या आधी, गवंड्यांच्या शिडीनं माळवदावर उतरून. कठडा पुरा झाला आणि माळवदावरची वाट बंद झाली. नकाशात पाण्याची टाकी होती, मोटारीची जागा होती. बाईमाणूस इकडून तिकडे कसं जाणार, हे कुणी विचारलं नव्हतं. मला अजून संताप येतो.

उन्हाळा आला. लाईट दुपारी जायची ती दिवेलागणीला यायची. बंद पंख्याखाली स्लॅब तव्यासारखा तापायचा. शेठच्या घरची माणसं रात्री गच्चीवर पाणी ओतून निजायची, तरी पाठी भाजायच्या. इकडे सासूबाई साण्याखाली डाळ घेऊन बसायच्या आणि मधूनच वर बघायच्या. भाभी कठड्याआडून हाक मारत असतील, पण ती आमच्यापर्यंत पोचत नव्हती.

एक दिवस मी अंबडला माहेरी गेले होते. भर दुपारी वळवाचा पाऊस आला. घरात सासूबाई एकट्या. आभाळ भरून आलेलं त्यांनी पाहिलं, आणि सवयीनं बसून राहिल्या. पत्रा सरकेल म्हणून! पाणी धो धो आत आलं. खाली गिऱ्हाइकांची शिवायला आलेली कापडं होती. ती वाचवायला त्या लंगडत गठ्ठे ओढत राहिल्या आणि चिंब भिजल्या. मी परतले तेव्हा तापानं फणफणल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, छातीत सर्दी उतरलीय, या वयात सांगता येत नाही. तापात सासूबाई एकच विचारत होत्या, "पत्रा कुनी वढला न्हाई का गं? संतोष कुठं गेली?"

भाभींना निरोप द्या म्हणून मी नवऱ्यामागे लागले. त्यांनी शेठच्या मुनिमाला सांगितलं, मुनिमानं घरात सांगितलं. आणि भाभी उठल्या, जिना उतरल्या, गादीवर बसलेल्या पुरुषांसमोरून, दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्या. रामनिवास शेठच्या हातातला कापसाचा नमुना हातातच राहिला, असं लोक पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

पण रस्त्यावर आल्या आणि अडकल्या. आमचं घर त्यांना डोळे मिटून सापडायचं, पण वरून. साण्याच्या कडेला फुटकं मडकं, शेजारी लिंबाची फांदी, तेच आमचं घर. खालून ना मडकं दिसत होतं ना फांदी. एवढ्या वर्षांत त्यांनी आमचं दार कधी पाहिलंच नव्हतं. त्या आधी तेल्याच्या घरात शिरल्या, मग कासाराच्या. दोन्हीकडे पुढे पुरुषच दिसले, तशाच बाहेर आल्या. भर बाजारात सगळे बघत होते. कुणाला विचारायचं तर परपुरुषाशी बोलायचं. शेवटी त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि घुंगटातून त्यांनी ओरडून विचारलं, "कौसल्याबाईऽ, चूल पेटली का?"

सासूबाईंनी डोळे उघडले आणि वर साण्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मी दाराकडे पळाले आणि भाभींचा हात धरून आत आणलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. सासूबाई त्या दुखण्यातून उठल्या, चांगल्या जगल्या. भाभी रोज दुपारी रस्त्यानं यायला लागल्या. शेठ चार दिवस बोलले नाहीत, पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "आज छत्री न्हाई घेतली का? ऊन हाय." पुढे आमच्याही घरावर स्लॅब पडला. तेव्हा दोघींनी गवंड्याला धारेवर धरून स्वयंपाकघरावर काचेचं चौकोनी साणं ठेवायला लावलं.

पण मला आठवते ती त्या दिवसाची दुपार. भाभी सासूबाईंच्या उशाशी बसल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "इथून मी तुला दिसायची व्हय?"

"तू कुठं दिसायची?" सासूबाई खोकत म्हणाल्या. "उजेड तुझ्या पाठीमागून. नुसता घुंगट न् बांगड्या. तोंड कधी पाह्यलंच न्हाई."

माझे सासरे ओसरीवर होते. ते उठून गल्लीत गेले. भाभींनी घुंगट वर केला. सासूबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"अगं बाई! आवाज तं पोरीवानी, अन् तू तं म्हातारी झाली की!"

भाभींनी त्यांचा तापलेला हात दोन्ही हातांत घेतला. "झाले ना," त्या म्हणाल्या. "तुझ्याच साण्यावर बसून झाले."