चौदा घरांच्या खुणा

"आण्णा गेले," असा वेल्ह्याहून फोन आला तेव्हा मी भोरच्या घरी रंगांच्या डब्यांची यादी करत होते. त्यांच्याच वाड्यावरच्या पाण्याच्या टाकीसाठी. चार दिवसांनी काम सुरू व्हायचं होतं. यादी हातात धरून मी नुसती बसून राहिले... आता महिना होत आला, तरी त्यांच्याबद्दल लिहायला घेतलं की रडू यायच्या आधी हसूच येतं. काय करणार, माणूसच तसा होता.

धोंडिबा आण्णा पासलीच्या वर, डोंगरातल्या धनगरवाड्यात राहायचे. चौदा घरांचा वाडा. मी पासलीत शाळेची भिंत रंगवत होते, तेव्हा हे गृहस्थ दोन तास मागे उभे राहून माझ्या चित्रातल्या बैलाचे पाय मोजत होते. ओळख तिथली. तेव्हापासून मी त्यांची 'पेंटर'. पुढे पुण्याच्या एका संस्थेने अर्ज मागवले: गावकऱ्यांना सोबत घेऊन सार्वजनिक जागी चित्र करायचं, अर्जदार व्यावसायिक कलावंत हवा. बेचाळीस वर्षांची झाले, दुकानांच्या पाट्यांपासून टेम्पोमागच्या नावांपर्यंत सगळं रंगवलं, पण स्वतःला कलावंत म्हणायची छाती होत नव्हती. आण्णांना फॉर्म वाचून दाखवला. म्हणाले, "रंगावर प्वाट भरतंय न्हवं तुजं? मंग लिव्ह की व्हय म्हनून." लिहिलं!

जागा म्हणून त्यांच्या वाड्यावरची टाकी धरली आणि अर्जासाठी मी झकास चित्र काढलं. किल्ला, ढग, घोडेस्वार. त्यांनी ते उन्हात धरून बघितलं. "किल्ला तर दारातनं रोज दिसतोय. त्यो भिंतीवर कशापायी?" मला असा राग आला! तरी चौदा घरांच्या संमतीच्या सह्यांसाठी कोरा कागद त्यांच्याकडे ठेवून आले, कारण वाड्यावर त्यांचा शब्द चालायचा.

अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या सकाळी ते एसटीने भोरला आले, कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. उघडला आणि मी कपाळावर हात मारला. एकही सही नाही. मेंढरं चरताना मिसळतात, म्हणून प्रत्येक घर आपल्या मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण करतं. कुणाचा तांबडा ठिपका, कुणाची हिरवी फुली. आण्णांनी घरोघरी फिरून त्याच खुणा माझ्या कागदावर उमटवून आणल्या होत्या. वर बोटांचे डाग, कडेला चहाचा गोल.

"आण्णा, हे काय करून ठेवलंत? सह्या मागितल्या होत्या त्यांनी."

"सही कुनाची हाय त्ये कुनाला वळखू येत न्हाई. ह्ये बघ, ह्यो तांबडा ठिपका शिरपतीचा. आंधळा बी सांगंल."

भांडायला वेळ नव्हता. कागद पुन्हा बघितला. अहो, चित्र तर हेच होतं! किल्ला, ढग, घोडेस्वार काढून टाकले, संमती म्हणून तोच कागद जोडला आणि चित्र म्हणूनही तोच. आण्णा शेजारी बसून भेळ खात होते.

निवड झाली. मी फोनवर ओरडूनच सांगितलं. पलीकडून हळूच, "आमच्या खुना? टाकीवर? खरं म्हन." एवढे हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आणि पुढच्याच आठवड्यात ते गेले. झोपेतच.

ठरल्या तारखेला काम सुरू झाल्याचे फोटो गेले नाहीत तर निवड रद्द होणार होती, आणि ती तारीख सुतकात येत होती. एवढं मन लावून काही मागितल्याचं मला आठवत नाही, ते हातचं जाणार म्हणून जीव तुटत होता. त्याची लाजही वाटत होती. भेटायला गेले ती तोंड शिवून. डबे गाडीतच ठेवले. पण त्यांच्या बायकोने, सखूमामींनी, मी टेकायच्या आत विचारलं, "रंग कुठं हाय?"

"मामी, तेरावं होऊ दे."

तांबड्या ठिपक्याचा शिरपतीही म्हणाला, "सुतक हाय, वहिनी. लोक काय म्हंतील?"

"मेंढरं सुतक पाळत्यात व्हय?" मामी उठल्या. "उद्या दुसऱ्याच्या कळपात मिसळली, तर खूण करायला तेराव्याची वाट बगशील?"

शिरपतीच गाडीतून डबे काढून घेऊन आला. मामी टाकीपाशी गेल्या, निळ्या डब्यात दोन बोटं बुडवली आणि भिंतीवर दोन पट्टे ओढले. आण्णांच्या घराची खूण. मग बाकीच्या घरांची रांगच लागली. दुपारपर्यंत मला फोटो काढायलाही सवड मिळाली नाही.