नानांचा चुकलेला संशय

नाना गेल्याचं मला बाजारात कळलं, आणि मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता आपलं बिंग फुटायचं नाही, हा होता... महिना झाला, त्याची लाज अजून जात नाही.

नाना माझे आतेभाऊ. श्रीरामपुरात त्यांचं शिवणकामाचं दुकान. रविवारी सकाळी टॉकीजला विलायती पिक्चर लागला, की आम्ही जोडीनं जायचो. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. मी समजल्यासारखा चेहरा करून बसायचो, आणि नाना पडद्यावरच्या प्रत्येकाचा संशय घ्यायचे. एखाद्या मडमेनं चहात सढळ हातानं साखर घातली, की मला कोपर मारून म्हणायचे, "बघ गड्या. आपल्या चारी बाजूंनी ऊस, आन् साखरंला रांग. टंचाई खोटी हाय, माल कुटंतरी दडपलाय." हेरगिरीच्या पिक्चरमधला फितूर तर ते मध्यंतराआधीच ओळखायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं, शकूचं, लग्न ठरलं. भावकीनं रीतीप्रमाणे आपापल्या रेशनातली साखर राखून त्यांना आणून दिली. आमच्या हिनंही दिली. मला मात्र सांगितलं नाही, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. नानांच्या आतल्या खोलीत मी ते भरलेले डबे पाहिले आणि मलाच संशय आला... माल दडपणारे हेच की काय? न्हाव्यापुढं दाढीला बसलो असताना गंमत म्हणून बोलून गेलो. चार दिवसांत साठा तपासणारी सरकारी माणसं येऊन डबे घेऊन गेली. लग्नात गुळाचे लाडू झाले. हिनं मला खरं सांगितलं ते पंगत उठल्यावर, तोवर माझे तीन लाडू खाऊन झाले होते.

चुगली केल्याचा नानांचा संशय गेला व्याह्यांवर. बोलणं तुटलं, शकूचं माहेरी येणं बंद झालं. दर रविवारी टॉकीजच्या पायरीवर मी ठरवायचो, आज सांगायचं. तेवढ्यात आतली घंटा व्हायची, आणि मला घंटा बरी वाटायची.

तेराव्याला शकू दुकानात एकटीच बसली होती. खुंटीवर नानांची टेप तशीच. मी सगळं सांगितलं. ती मशीनचं चाक हातानं उगीच फिरवत राहिली.

"काका, नानांनी मरेस्तोवर माझ्या सासऱ्यांचं तोंड पाह्यलं न्हाई. आन् तुमी शेजारी बसून पिक्चर बघत हुता."

"व्हय."

"मला सांगून काय हुतंय? सासऱ्यांच्या घरी पेपर येतो. त्यात लिवा."

म्हणून लिहिलं. शकूच्या सासऱ्यांनी वाचावं... साखरेचं मी बोललो होतो. तुम्ही नाही.