झोक्याखालचा टेप रेकॉर्डर

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, कारण यातलं गाढव कोण ते मी आधीच सांगून टाकतो. मीच तो!

लग्नाला सहा महिने झालेले. मी जळगावला कचेरीत कारकून, घर मेहरूणला, घरात आई, मी आणि आमची नवी नवरी सुमन. आईचा स्वभाव कडक, सुमन अबोल. या दोघींचं कसं जमणार, या काळजीनं मी अर्धा झालो होतो. कचेरीतून आलो की आधी दाराशी उभा राहून कानोसा घ्यायचो. आत भांडण नाही ना? मग चपला काढायच्या. असलं जिणं!

त्यात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्या खानदेशात अखाजीला सासुरवाशीण माहेरी जाणारच. निंबाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची, आमरस खायचा आणि सासरचं जे काही पोटात साठलं असेल ते मैत्रिणींपुढे मोकळं करायचं. सुमनचा भाऊ येऊन तिला धुळ्याजवळच्या त्यांच्या गावी घेऊन गेला.

ती गेली आणि आई ओट्यावर बसून हळूच म्हणाली, "माले लेवाले कोन येई आते?"

मामा वारल्यापासून तिला अखाजीला न्यायला कोणी आलं नव्हतं. एरवी आईला डोळ्यात पाणी आणताना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, माहेर नाही तर नाही, माहेरची गाणी तरी हिला ऐकवायची. आणि तिथेच माझ्या डोक्यात यंत्र शिरलं.

माझा मावसभाऊ दीपनगरला नोकरीला. त्यानं मुंबईहून टेप रेकॉर्डर आणला होता. तेव्हा आमच्या आख्ख्या गल्लीत असली वस्तू कोणी पाहिलेली नव्हती. चार दिवसांसाठी मागून आणला. त्यानं बजावलं की तांबडं बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबलं की आवाज भरला जातो, आणि उगाच वाजवून बघत बसू नकोस, सेल उतरतात. मी मान डोलावली. आयुष्यात एवढा आज्ञाधारक मी त्याआधी कधी नव्हतो, आणि नको तिथे झालो!

सासुरवाडीला पोचलो. आता पंचाईत अशी की पुरुष दिसला की बायका गाणं थांबवतात, आणि इथे तर साक्षात जावई. मग मी काय केलं? आंब्याच्या रिकाम्या टोपलीत यंत्र ठेवलं, वर पंचा टाकला, दुपारी बायका यायच्या आत टोपली निंबाच्या बुंध्याशी ठेवली, दोन्ही बटणं दाबली आणि पत्ते कुटायला पुरुषांत जाऊन बसलो. तासाभरानं गुपचूप उचलून आणली. कोणाला पत्ता नाही. सुमनलासुद्धा सांगितलं नाही. दोघींना एकदम चकित करायचं होतं ना मला!

सुमनला घेऊन घरी आलो. संध्याकाळी अंगणात सतरंजी टाकली. शेजारच्या जनाक्का, त्यांच्या सुना, गल्लीतल्या दहा-बारा बायका जमल्या. आईला मधोमध बसवलं. आणि मी भाषण ठोकलं. भाषण! विज्ञान किती पुढे गेलंय, माहेर आता आईच्या दारात कसं येणार आहे, वगैरे वगैरे. मग बटण दाबलं.

आधी झोक्याची करकर. मग गाणं. काय सांगू, आईचा चेहरा असा उजळला की बस! दुसऱ्या गाण्याला ती सोबत म्हणू लागली. तिसऱ्याला पदरानं डोळे पुसले. जनाक्का म्हणाल्या की मुलगा असावा तर असा. मी उगाच खाली बघून लाजलो.

तेवढ्यात चहा घेऊन सुमन दारात आली. टेपवरचा स्वतःचा आवाज तिनं ऐकला आणि आधी हसली. मग एकदम तिचा चेहरा पांढरा पडला. ती मला हातानं खुणा करायला लागली. डोळे मोठे करून, मान हलवून, हात खालीवर करून.

मला वाटलं, तिला दारातून नीट ऐकू येत नाहीये. मी आवाज वाढवला.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, कौतुक! मी आणखी वाढवला.

गाणं संपलं. टेपवर हसणं-खिदळणं सुरू झालं आणि एका मैत्रिणीचा आवाज आला, "सुमे, सासू कशी शे वं तुनी?"

सहा महिन्यांची सगळी काळजी त्या एका प्रश्नात माझ्यापुढे उभी राहिली. गेला संसार! मी यंत्रावर झडप घातली. आईनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. माले ऐकू दे."

टेपवर सुमन म्हणाली, "सासू लाख शे. तिना पोऱ्याच तिले नावे ठेवस."

आणि मग तिनं जे सुरू केलं! घरात तोंडातून शब्द न काढणारी माझी बायको तिथे माझ्या आवाजात बोलत होती, हुबेहूब. आई तोंडाची फटकळ आहे, जपून राहा, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. आईच्या हातचं भरीत म्हणजे नुसता जाळ, पण गपगुमान गिळायचं, हेही. आई पहाटे भजन म्हणते तेव्हा गल्लीतली कुत्री गाव सोडतात, हे तर मी विनोद म्हणून बोललो होतो हो! आणि शेवटी, आईनं कामाला हाक मारली की आमचे हे वर्तमानपत्र घेऊन संडासात जाऊन बसतात, तासभर.

टेपवरच्या बायका हसत होत्या आणि अंगणातल्याही. जनाक्कांनी तोंडात पदर कोंबला होता.

मी कसाबसा म्हणालो, "आई, हे यंत्र बिघडलंय."

"यंत्र चांगलं शे," आई म्हणाली. "पोऱ्या बिघडेल शे."

मग तिनं सुमनला जवळ बोलावून बसवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी सुमनला पुटपुटत विचारलं, आधी सांगायचं नाही का? ती म्हणाली, "अहो, तुम्हालाच वाचवत होते. तुम्ही आवाज वाढवत होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पाणी भरायला हाक मारली. मी सवयीनं वर्तमानपत्र उचललं आणि परसात गेलो. बघतो तर संडासाच्या दाराला हे एवढं कुलूप! मागे वळलो. दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या, मध्ये दोन रिकाम्या बादल्या.

मी विचारलं, किल्ली कोणाकडे आहे?

सुमननं आईकडे पाहिलं, आईनं सुमनकडे, आणि दोघी एका सुरात म्हणाल्या, "आधी पाणी."