गाळा नंबर दोन आणि समस्त ग्रामस्थ

गेल्या सोमवारी आमच्या गावात ग्रामसभा झाली आणि मंगळवारी माझी नोकरी गेली. दोन्हीचा संबंध आहे... सांगतो.

मी पौडला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचो. वाढदिवस, दशक्रिया, निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन... कॉलेज मध्येच सोडल्यावर मला जमलेलं हे एकच काम. शनिवारी एक ऑर्डर आली. 'भव्य उद्घाटन! स्नॅक्स सेंटर. ग्रामपंचायत गाळा नंबर दोन.' आणि खाली, 'शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ.'

माझा माऊसवरचा हात थांबला. हे गाळे आमच्याच गावचे. ग्रामपंचायतीने रस्त्याला लागून नवीन बांधलेत, अजून शटरला कुलूप आहे. ते भाड्याने कुणाला द्यायचे हे ठरवायला तर सोमवारची सभा होती!

ऑर्डर देणारा ग्रामपंचायतीच्या एका मेंबरचा मेव्हणा. म्हणजे लिलाव नाही, नोटीस नाही, गावात कुणाच्या कानावर काही नाही... आणि इकडे उद्घाटनाचा फ्लेक्स तयार. आपण शुभेच्छुक आहोत हे समस्त ग्रामस्थांना माहीतच नाही.

डोकं फिरलं. आता खोटं कशाला बोलू, नुसतं गावासाठी नाही फिरलं. त्यातला एक गाळा एका मुलीला हवा होता. आणि मला ती मुलगी... जाऊ दे. नाव लिहीत नाही, ती आधीच खूप चिडलीय माझ्यावर.

ती ब्लाउज, ड्रेस शिवते. हात इतका सफाईदार की पुण्याकडच्या सूसमधल्या मोठ्या सोसायट्यांमधून कपडे येतात तिच्याकडे. पण घरी शेळ्या-मेंढ्या, आणि मशीन पडवीत. मध्ये एका मॅडमनी शिवलेला ब्लाउज तसाच परत पाठवला, वास येतो म्हणून. तेव्हापासून तिने एकच धरलंय, रस्त्यावर गाळा घ्यायचा. त्यासाठी एकेक ब्लाउज शिवून अनामत जमवतेय.

सोमवारी समाजमंदिरात सभा. पाणी, गटार, दिवाबत्ती सगळं झालं. लोक चपला शोधायला लागले, तेव्हा भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, एका दमात वाचलं, "गाळेवाटपास मंजुरी." आणि पुढचं पान उलटलं.

मी उभा राहिलो. लिलाव कधी झाला, विचारलं. फ्लेक्सचंही सांगून टाकलं.

सरपंच अजिबात गडबडले नाहीत. "आरं बाबा, लिलाव ठेवला तर हिंजवडीचा पैसा घिऊन भायेरची मानसं येत्यात. मग आपल्या पोरांनी काय करायचं? म्हनून आपल्यातच दिलं."

लोकांनी माना डोलावल्या. मला आणखी राग आला, कारण ऐकायला ते बरोबर वाटत होतं. "आपल्यातच म्हंजे तुमच्यातच ना!" मी ओरडलो. मागून कुणीतरी म्हणालं, "बस रं खाली. कालेज धड केलं न्हाई आन् आमाला शिकवतोय." सगळे हसले.

मग माझा ताबा गेला. बायका बसल्या होत्या तिकडे हात करून, तिचं नाव घेऊन मी म्हणालो, "असंच द्यायचं असंल तर हिला द्या की! ही न्हाई का गावातली? हिला गरज न्हाई?"

सरपंचांनी तिच्याकडे बघितलं, भाऊसाहेबांकडे बघितलं. "बरं. चार नंबर शिल्लक हाय. दिऊ पोरीला. झालं समाधान?"

मला वाटलं, जिंकलो! आता ती माझ्याकडे बघेल...

तिने बघितलंच नाही. उठून सरपंचांना म्हणाली, "मला आसा न्हाई पायजे. आज ह्यो वरडला म्हनून देताय. उद्या दुसरं कुनी वरडलं की काडून घ्याल. भायेरच्यांचं भ्या वाटतंय तर गावापुरती बोली ठेवा. पन समद्यांम्होरं ठेवा."

मग शाळेजवळ भजी तळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मलाबी गाळा पायजे व्हता. मला कुटं कुनी इचारलं?" निघालेल्या बायका परत खाली बसल्या, आणि ठराव लिहिल्याशिवाय उठल्याच नाहीत. सगळ्या गाळ्यांचा जाहीर लिलाव, गावापुरता. भाऊसाहेबांना लिहावं लागलं, वाचून दाखवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवाल्या शेठनी मला दारातूनच परत पाठवलं. गिऱ्हाईकाचं काम सभेत बोलून दाखवणारा माणूस त्यांना परवडत नाही म्हणे. ठीक आहे...

संध्याकाळी ती रस्त्यात भेटली. "माजं नाव घ्यायला तुला कुनी सांगितलं व्हतं?" मी म्हटलं, अगं, हातात आलेला गाळा सोडलास. आता लिलावात हरलीस तर?

"हरंन की. पन कुनाकडनं हरले, ते तर दिसंल."

एवढं बोलून गेली. मग माझ्या लक्षात आलं. मीसुद्धा तिच्यासाठी तेच मागत होतो, जे मेंबरने मेव्हण्याला दिलं होतं... फक्त मी ते ओरडून मागत होतो.

लिलावाची नोटीस अजून लागलेली नाही. मी रोज जाऊन बघतो आणि रोज विचारतो, आता वेळ भरपूर आहे. त्या दिवशी जागेवरून न हललेल्या सगळ्या आया-बहिणींना मनापासून थँक यू. पण राग काही जात नाही. चारचौघांत नुसती बोली लावायला मिळावी, एवढ्यासाठी एका मुलीला हातातला गाळा सोडावा लागतो... आमच्या गावचे गाळे, आणि आम्हालाच बोली लावायची चोरी!